काळ्या मातीतील सेंद्रिय कर्ब कसा मोजावा आणि ह्युमस कसा तपासावा

काळी जमीन म्हणजे कसदार जमीन, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के असे छापून आले तर शेतकरी आधी प्रयोगशाळेवरच शंका घेतो. प्रत्यक्षात दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा ०.३ ते ०.६ टक्क्यांच्या घरात असतो. मग रंग इतका गडद कसा? या मातीत स्मेक्टाइट नावाची फुगणारी चिकण खनिजे भरपूर असतात, आणि अगदी थोडा ह्युमस, म्हणजे कुजून उरलेला टिकाऊ सेंद्रिय पदार्थ, त्यांच्या सूक्ष्म कणांवर पातळ लेपासारखा घट्ट बसतो. थोड्या काजळीने पूर्ण भांडे काळे दिसावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून मातीच्या रंगावरून तिच्यातील सेंद्रिय पदार्थ ताडू नये, तो मोजावा. आणि मोजताना कोणत्या पद्धतीने काय मोजले गेले, हे आकड्याइतकेच नीट लिहून ठेवावे. हा लेख कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी, लहान माती परीक्षण प्रयोगशाळा चालवणारे तंत्रज्ञ आणि आपल्या अहवालातील आकडा कुठून आला हे समजून घेऊ इच्छिणारे शेतकरी यांच्यासाठी लिहिला आहे.

ह्युमस तयार होतो म्हणजे काय होते

शेतात पडलेले पाचट, काडीकचरा, मुळ्या आणि शेणखत यांतील साखरेसारखे सोपे पदार्थ जिवाणू काही दिवसांत फस्त करतात, सेल्युलोज कुजायला आठवडे लागतात आणि लिग्निन सर्वांत शेवटी, मुख्यतः बुरशींच्या हातून, मोडते. या सगळ्या प्रवासात मूळ कर्बाचा मोठा हिस्सा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो. आपल्याकडील उष्ण हवामानात हे काम वेगाने चालते, म्हणूनच थंड प्रदेशांत दिसणारे तीन-चार टक्के कर्बाचे आकडे मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतात शोधू नयेत.

जे उरते त्याला आपण ह्युमस म्हणतो. पण ते नेमके काय असते, याविषयीचे मत गेल्या शंभर वर्षांत बरेच बदलले आहे. मृदा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेलमन वाक्समन यांच्या काळात असे मानले जाई की अर्धवट मोडलेले लिग्निन आणि सूक्ष्मजीवांची प्रथिने यांच्या संयोगातून मोठे, गडद, चिवट रेणू बनतात. पुढे पॉलिफिनॉलच्या संयोगाचा आणि साखर व अमाइन यांच्या अभिक्रियेचा मार्गही सुचवला गेला. योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये या चित्रालाच आव्हान दिले. त्यांच्या मांडणीनुसार मातीतील सेंद्रिय पदार्थ म्हणजे सतत लहान होत जाणाऱ्या तुकड्यांची एक साखळी आहे, आणि हे तुकडे टिकतात ते स्वतःच्या चिवटपणापेक्षा चिकणमातीच्या कणांना व कॅल्शियम, लोह यांसारख्या धातूंना चिकटल्यामुळे किंवा मातीच्या रवाळ कणसमूहात अडकल्यामुळे. आज मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांना या टिकाऊ हिश्शात पूर्वीपेक्षा बरेच वरचे स्थान दिले जाते. काळ्या मातीच्या बाबतीत मला ही मांडणी अधिक पटते, कारण येथे चिकण कण आणि कॅल्शियम या दोन्हींची मुबलकता आहे आणि ह्युमस त्यांच्यापासून सोडवताना किती कष्ट पडतात, ते पुढे दिसेलच.

यातला एक आकडा व्यवहारात फार उपयोगी आहे. स्थिरावलेल्या ह्युमसमध्ये कर्ब आणि नत्राचे गुणोत्तर १० ते १२ ला १ च्या आसपास असते, तर गव्हाच्या भुश्शात ते ८० च्या आणि उसाच्या पाचटात १०० च्या आसपास जाते. म्हणजे पाचटातून ह्युमस घडायचा तर एकतर पुष्कळ कर्ब हवेत जायला हवा किंवा बाहेरून नत्र मिळायला हवे. पाचट कुजवताना त्यावर युरिया टाकण्याची शिफारस करतात ती यामुळेच.

नमुना: चूक बहुधा येथेच होते

अनुमापनात, म्हणजे ब्युरेटने द्रावण सोडून मोजण्यात, फार तर काही शतांश टक्क्यांची चूक होते. नमुना चुकीचा घेतला तर आकडा दुप्पट किंवा निम्मा येऊ शकतो. म्हणून नमुना घेण्यावर वेळ खर्च करावा.

पीक निघाल्यावर, नांगरटीपूर्वी आणि शेणखत किंवा रासायनिक खत टाकून किमान दोन-तीन महिने झाल्यावर नमुना घ्यावा. रंग, उतार, खोली आणि पीकपद्धती सारखी असेल तेवढाच भाग एक नमुना समजावा. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीलगतची, गुरे बसतात तिथली आणि उकिरड्याची जागा वगळावी. शेतातून नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणे निवडावीत. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा, त्यातली माती काढून टाकावी आणि मग खड्ड्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा, सुमारे दोन सेंटिमीटरचा काप खुरप्याने घ्यावा. सारखी जाडी महत्त्वाची आहे, कारण कर्ब वरच्या थरात जास्त असतो. वर जाड आणि खाली निमुळता काप घेतला की आकडा फुगतो. सर्व काप स्वच्छ प्लॅस्टिकच्या घमेल्यात एकत्र करून चौथाई पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत, अर्धा किलो माती उरवावी. फळबागेसाठी ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरपर्यंतचे थर वेगवेगळे घ्यावेत.

माती सावलीत पसरून वाळवावी. काळ्या मातीची ढेकळे पूर्ण वाळली की दगडासारखी होतात, म्हणून ती थोडी ओलसर असतानाच हाताने फोडून घ्यावीत. वाळल्यावर लाकडी दांड्याने कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी. चाळणीवर उरलेल्या काड्या, मुळ्या आणि खडे काढून टाकावेत. मातीची ढेकळे मात्र टाकू नयेत, ती पुन्हा कुटावीत. यापुढची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. चाळलेल्या मातीतून २० ते २५ ग्रॅमचा छोटा हिस्सा काढून तो पूर्णच्या पूर्ण ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईपर्यंत बारीक करावा. जेवढे सहज चाळले तेवढे घेऊन उरलेले फेकले, तर कठीण कणांतील कर्ब मोजणीतून सुटतो. या बारीक मातीत केसासारख्या मुळ्या अजूनही असतातच. माती कागदावर पातळ पसरावी, प्लॅस्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासावी आणि मातीपासून बोटभर उंचीवरून फिरवावी. मुळ्या उडून पट्टीला चिकटतात. मातीचे हलके कणही उडू लागले तर पट्टी थोडी उंच धरावी.

कुटण्यासाठी लोखंडी खल वापरू नये. मी शिकत असताना घाईत एका नमुन्यांच्या संचासाठी लोखंडी खलबत्ता वापरला आणि सगळे आकडे ०.१ ते ०.२ टक्क्यांनी जास्त आले. खलातून झिजलेली लोखंडाची पूड डायक्रोमेटला, म्हणजे पुढे येणाऱ्या पद्धतीतल्या ऑक्सिडीकारक रसायनाला, कर्बासारखीच खाऊन टाकते, हे कारण कळायला तीन दिवस गेले.

वॉक्ली-ब्लॅक पद्धत

ए. वॉक्ली आणि आय. ए. ब्लॅक यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही भारतातील बहुतेक माती परीक्षण प्रयोगशाळांचा आधार आहे. तत्त्व सोपे आहे: आम्लधर्मी द्रावणात पोटॅशियम डायक्रोमेट सेंद्रिय कर्बाचे कार्बन डायऑक्साइड करते आणि स्वतः नारिंगीचे हिरवे होते. ठरावीक डायक्रोमेट घालायचे, उरलेले किती ते फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचे. जेवढे खर्च झाले तेवढा कर्ब. बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही, कारण तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना निर्माण होणारी उष्णताच द्रावणाला सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत नेते.

द्रावणे आधी तयार ठेवावीत. १०५ अंशांवर वाळवलेले ४९.०४ ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर केले की १ नॉर्मल द्रावण होते. यातले वजन अचूक हवे, कारण सगळी मोजणी यावर उभी आहे. फेरस अमोनियम सल्फेट १९६.१ ग्रॅम घेऊन सुमारे ८०० मि.ली. पाण्यात २० मि.ली. तीव्र सल्फ्युरिक आम्लासह विरघळवावे आणि एक लिटर करावे; हे ०.५ नॉर्मल द्रावण. हे हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होऊन कमजोर होत जाते, म्हणून बाटलीवरच्या नॉर्मॅलिटीवर (द्रावणाच्या तीव्रतेच्या आकड्यावर) विश्वास न ठेवता रोज ब्लँकवरून, म्हणजे मातीविना केलेल्या मोजणीवरून, ती काढावी. दर्शक म्हणून ०.५ ग्रॅम डायफेनिल अमाइन २० मि.ली. पाणी आणि १०० मि.ली. तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांत विरघळवावे. याशिवाय ८५ टक्के ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल लागते.

आता प्रत्यक्ष काम. ५०० मि.ली.च्या कोरड्या शंकूपात्रात एक ग्रॅम बारीक माती वजन करून घ्यावी. कर्ब फार कमी अपेक्षित असेल तर दोन ग्रॅम आणि शेणखत भरपूर पडलेल्या बागेची माती असेल तर अर्धा ग्रॅम घ्यावी. त्यात पिपेटने १० मि.ली. डायक्रोमेट सोडावे, पिपेटला रबरी फुगा लावावा, तोंडाने ओढणे हा प्रकार येथे जिवाशी खेळ आहे. पात्र हलकेच फिरवून माती द्रावणात पूर्ण भिजू द्यावी. मग धुराच्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), चष्मा आणि हातमोजे घालून, २० मि.ली. तीव्र सल्फ्युरिक आम्ल एकदम आणि थेट द्रावणात पडेल असे ओतावे. थेंब थेंब सोडले तर आवश्यक तापमान गाठले जात नाही आणि ऑक्सिडीकरण अर्धवट राहते. मिनिटभर पात्र फिरवावे, माती काचेला वर चिकटू देऊ नये आणि लाकडी फळीवर ३० मिनिटे ठेवावे. थंड ओट्यावर ठेवले तर उष्णता लवकर निघून जाते. याच कारणासाठी मे महिन्यात आणि डिसेंबरात एकाच मातीचे आकडे थोडे वेगळे येतात, त्यामुळे खोलीचे तापमान नोंदवहीत लिहावे. प्रत्येक संचात मातीविना दोन ब्लँक आणि कर्ब आधीच माहीत असलेल्या मातीचा एक नमुना ठेवावा.

अर्ध्या तासानंतर पात्रात पाहावे. द्रावण नारिंगी किंवा तपकिरी-नारिंगी असेल तर डायक्रोमेट शिल्लक आहे. ते पूर्ण हिरवे झालेले दिसले तर पुढे जाऊ नये, कमी माती घेऊन पुन्हा सुरुवात करावी. शिल्लक असेल तर २०० मि.ली. पाणी घालून थंड होऊ द्यावे, १० मि.ली. फॉस्फोरिक आम्ल आणि एक मि.ली. डायफेनिल अमाइन घालावे. फॉस्फोरिक आम्ल तयार होणाऱ्या फेरिक लोहाला बांधून ठेवते, त्यामुळे अंतिम बिंदू स्पष्ट दिसतो. ते संपले असेल तर ०.२ ग्रॅम सोडियम फ्लोराइडने काम चालते.

ब्युरेटमधून फेरस द्रावण सोडू लागले की रंग गढूळ तपकिरीवरून जांभळट-निळा होतो. येथे हात सावकाश करावा. निळा रंग काही वेळ तसाच राहतो, ब्युरेटमधले द्रावण उतरत जाते आणि नवखा माणूस कंटाळून तोटी मोठी करतो, नेमके तेव्हाच चुकते. निळ्यात एक मळकट छटा येऊ लागली की थेंबाथेंबावर यावे. एका थेंबाने ती छटा फाटते आणि स्वच्छ चकचकीत हिरवा रंग उमटतो. तोच अंतिम बिंदू. मागे पांढरी फरशी किंवा कागद ठेवला तर काळ्या मातीच्या गढूळ द्रावणातही तो दिसतो. एकाच नमुन्याच्या दोन वाचनांत ०.२ मि.ली.हून अधिक फरक पडला तर तिसरे वाचन घ्यावे.

गणित, आणि त्यातला एक छुपा गुणक

सूत्र असे: सेंद्रिय कर्ब टक्के = (ब्लँकचे वाचन − नमुन्याचे वाचन) × फेरस द्रावणाची नॉर्मॅलिटी × ०.००३ × १०० ÷ मातीचे वजन. यातला ०.००३ कुठून येतो? एका कर्ब अणूला ऑक्सिडाइज व्हायला चार इलेक्ट्रॉन द्यावे लागतात, म्हणून कर्बाचा तुल्यभार १२ ÷ ४ = ३, आणि एका मिलितुल्यांकाला ०.००३ ग्रॅम कर्ब.

समजा ब्लँकचे वाचन २०.२ मि.ली. आणि नमुन्याचे १६.८ मि.ली. आले. फेरसची खरी नॉर्मॅलिटी १० ÷ २०.२ = ०.४९५. फरक ३.४ मि.ली. म्हणजे १.६८३ मिलितुल्यांक, त्याला ०.००३ आणि १०० ने गुणले की एक ग्रॅम मातीसाठी ०.५०५ टक्के. पण या पद्धतीत बाहेरून उष्णता न दिल्याने सरासरी ७७ टक्केच कर्ब ऑक्सिडाइज होतो असे धरतात, म्हणून १.३ ने गुणायचे: ०.६५६ टक्के. सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कर्ब असतो या गृहीतकावर १.७२४ ने गुणले की सेंद्रिय पदार्थ १.१३ टक्के येतो. हा १.७२४ चा गुणक जुना आहे आणि अनेक मातींत तो दोनच्या जवळ असावा असे आज मानले जाते. म्हणून अहवालात सेंद्रिय पदार्थाऐवजी सेंद्रिय कर्ब लिहिणेच प्रामाणिकपणाचे.

आता महाराष्ट्रात वापरली जाणारी सहा स्तरांची वर्गवारी पाहा: ०.२० पर्यंत अत्यंत कमी, ०.२१ ते ०.४० कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० थोडे जास्त, ०.८१ ते १.०० जास्त आणि त्यापुढे अत्यंत जास्त. आपलाच नमुना १.३ ने न गुणता लिहिला तर मध्यम आणि गुणून लिहिला तर थोडे जास्त ठरतो. माती तीच, वाचन तेच. काही प्रयोगशाळा हा गुणक लावतात, काही लावत नाहीत आणि अहवालावर त्याचा उल्लेख क्वचितच असतो. दोन प्रयोगशाळांच्या अहवालांची तुलना करण्याआधी हा एक प्रश्न फोनवर विचारून घ्यावा.

दुसरी दुरुस्ती ओलाव्याची. हवेत वाळलेली काळी मातीदेखील पाच ते आठ टक्के पाणी धरून असते. त्याच मातीचा वेगळा नमुना १०५ अंशांवर २४ तास ठेवून ओलावा काढावा. तो सात टक्के असेल तर ०.६५६ ÷ ०.९३ = ०.७०५ टक्के. वालुकामय मातीत हा फरक नगण्य असतो, काळ्या मातीत नाही.

माती कुठली, यावर बदलणाऱ्या गोष्टी

चुनखडीयुक्त मातीत आम्ल ओतताच फेस उसळतो. घाबरण्याचे कारण नाही, मात्र पात्र मोठे हवे. कार्बोनेटमधला कर्ब आधीच पूर्ण ऑक्सिडाइज झालेला असल्याने तो डायक्रोमेट खात नाही आणि वाचनात येत नाही. याउलट कर्ब विश्लेषक यंत्रात माती सुमारे हजार अंशांवर जाळली जाते, तेव्हा चुनखडीचा कर्बही मोजला जातो. दर एक टक्का कॅल्शियम कार्बोनेटमागे ०.१२ टक्के असेंद्रिय कर्ब, म्हणजे दहा टक्के चुनखडी असलेल्या मातीत १.२ टक्के, खऱ्या सेंद्रिय कर्बाच्या दुपटीहून जास्त. यंत्र महाग आहे म्हणून त्याचा आकडा आपोआप खरा ठरत नाही. आधी आम्लाने चुनखडी काढावी किंवा ती वेगळी मोजून वजा करावी.

कोकणातील खार जमिनींत क्लोराइडही डायक्रोमेट वापरते आणि कर्ब जास्त दिसतो. सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घातले की हा अडथळा बराच कमी होतो. तसे न केल्यास क्लोराइडची टक्केवारी वेगळी काढून तिचा बारावा हिस्सा वजा करावा. क्लोराइड ०.६ टक्के असेल तर ०.०५ टक्के कर्ब कमी धरायचा. पाणी साचलेल्या भातखाचराच्या ओल्या मातीत फेरस लोह असते आणि तेही आकडा वाढवते. माती नीट हवेत वाळवली की ते फेरिक होऊन निरुपद्रवी होते. जांभ्या जमिनीतील मँगनीजची ऑक्साइडे मात्र उलटा परिणाम करतात, कारण ती स्वतःच ऑक्सिडीकरणाचे काम करतात आणि कर्ब कमी दिसतो.

ज्या शेतात वर्षानुवर्षे पाचट जाळले आहे, तिथल्या मातीत कोळशाचे बारीक कण असतात. वॉक्ली-ब्लॅक पद्धतीत ते फारच अपुरे ऑक्सिडाइज होतात. तो कर्ब आकड्यात नाही म्हणून मला तरी खंत वाटत नाही. पिकाच्या दृष्टीने तो लवकर उपलब्ध होणारा नव्हेच.

माती भट्टीत जाळून वजनातील घट मोजण्याची पद्धत स्वस्त असली तरी काळ्या मातीसाठी टाळावी. स्मेक्टाइटच्या थरांमधील पाणी १०५ अंशांनंतरही निघत राहते आणि पुढे स्फटिकातील पाणीही जाते. ती सगळी घट सेंद्रिय पदार्थाच्या खात्यावर जमा होते.

टाकाऊ द्रावणाचे काय करायचे

डायक्रोमेटमधले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि ते बेसिनमध्ये ओतणे म्हणजे मातीची तपासणी करून पाणी नासवणे. अनुमापन झालेल्या पात्रांत ते त्रिसंयुजी झालेले असते, पण डायक्रोमेटच्या उरल्यासुरल्या बाटल्यांतही फेरस द्रावण घालून रंग हिरवा करून घ्यावा. नंतर सावकाश चुन्याची निवळी किंवा चुना घालून सामू आठ ते नऊच्या दरम्यान आणला की क्रोमियमचा हिरवट साका खाली बसतो. आम्ल बरेच असल्याने द्रावण तापते. बादली मोठी घ्यावी. साका वाळवून बंद डब्यात साठवावा आणि घातक कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडेच द्यावा.

ह्युमिक, फल्विक आणि ह्युमिन वेगळे काढणे

एकूण कर्ब कळला म्हणजे ह्युमस कळला असे नाही. अल्कलीत ह्युमस विरघळवण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ आखार्ड यांनी १७८६ मध्ये पीटवर, म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर, केली होती आणि आजची विभागणी अजूनही तिच्यावरच आधारलेली आहे: अल्कलीत विरघळून आम्लात साक्याच्या रूपाने खाली बसते ते ह्युमिक आम्ल, दोन्हींत विरघळलेले राहते ते फल्विक आम्ल, आणि अल्कलीतही न विरघळता मातीला चिकटून राहते ते ह्युमिन. ही नावे विरघळण्याच्या वागणुकीची आहेत, ठरावीक रेणूंची नाहीत. लेहमान आणि क्लेबर यांचा आक्षेपही हाच आहे की तीव्र अल्कलीत निघालेला पदार्थ मातीत तशाच रूपात असतो असे मानता येत नाही. तरीही दोन खतपद्धतींची तुलना करायला ही विभागणी उपयोगी पडते, एवढ्यासाठी मी ती शिकवतो.

काळ्या मातीत थेट सोडियम हायड्रॉक्साइड घातले तर फिकट चहासारखे पाणी मिळते आणि विद्यार्थी मातीत ह्युमसच नाही असा निष्कर्ष काढतात. कॅल्शियमने ह्युमस कणांना बांधून ठेवलेला असतो, तो आधी सोडवावा लागतो. १० ग्रॅम मातीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालत सामू १ ते २ दरम्यान स्थिर करावा. चुनखडी असेल तर सामू पुन्हा पुन्हा वर चढतो, तो थांबेपर्यंत आम्ल घालत राहावे. ०.१ मोलर आम्लाने एकूण द्रव १०० मि.ली. करून तासभर हलवावे आणि सेंट्रिफ्यूजने वेगळे करावे. या पहिल्या द्रावणातही थोडे फल्विक असते, ते फेकू नये. उरलेली माती पाण्याने एक-दोनदा धुऊन क्लोराइड काढावे, सामू ७ वर आणावा आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने द्रव १०० मि.ली. करावा. बाटलीतील हवा नायट्रोजन वायूने काढून घट्ट झाकण लावावे, नाहीतर अल्कलीत हवेचा ऑक्सिजन ह्युमसची रचनाच बदलतो. किमान चार तास हलवून रात्रभर निवत ठेवावे आणि सकाळी गडद तपकिरी द्रावण सेंट्रिफ्यूज करून वेगळे घ्यावे.

या द्रावणाचा सामू ढवळत ढवळत १ वर आणला की काही वेळाने तपकिरी पुंजके दिसू लागतात. १२ ते १६ तासांत ते तळाशी बसतात आणि वर पिवळसर फल्विक द्रावण राहते. शुद्ध ह्युमिक आम्ल मिळवायचे असेल तर येथे ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, पण प्रत्येक भागातील कर्ब पुढे डायक्रोमेटने मोजायचा असेल तर सल्फ्युरिक आम्ल घ्यावे, कारण क्लोराइड वर सांगितल्याप्रमाणे मोजणी बिघडवते. पहिल्या आम्लद्रावणात क्लोराइड अटळ आहे, तेथे सिल्व्हर सल्फेट किंवा वजावट करावी. साका थोड्या अल्कलीत पुन्हा विरघळवून ठरावीक आकारमान करावे. दोन्हींपैकी १० मि.ली. शंकूपात्रात घेऊन जलऊष्मकावर (वॉटर बाथवर) कोरडे करावे आणि त्याच पात्रात वॉक्ली-ब्लॅकची कृती करावी. एकूण कर्बातून दोन्ही वजा केले की ह्युमिनमधला कर्ब मिळतो, आणि काळ्या मातीत तोच हिस्सा बहुधा मोठा असतो.

ह्युमिक आम्ल किती परिपक्व आहे याचा अंदाज ई४/ई६ गुणोत्तरावरून येतो. दोन ते चार मिलिग्रॅम ह्युमिक आम्ल १० मि.ली. ०.०५ नॉर्मल सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवून ४६५ आणि ६६५ नॅनोमीटरवर शोषण मोजावे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. ह्युमिक आम्लासाठी गुणोत्तर साधारण पाचपेक्षा कमी आणि फल्विकसाठी सहा ते साडेआठ येते; गुणोत्तर जितके कमी तितके रेणू मोठे, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. सामू वेगळा असेल तर तुलना करू नये.

जाता जाता: दुकानात मिळणारे ह्युमिक बहुधा लिग्नाइटसदृश खनिजापासून काढलेले पोटॅशियम ह्युमेट असते. त्याच्या द्रावणात आम्ल घातल्यावर भरघोस तपकिरी साका बसला नाही, तर लेबलवरच्या टक्केवारीबद्दल विक्रेत्याला प्रश्न विचारायला हरकत नाही.

बदल लवकर दाखवणारा कर्ब

एकूण कर्ब हलायला वर्षे लागतात. सूक्ष्मजीवांना सहज मिळणारा सक्रिय कर्ब मात्र एक-दोन हंगामांत हलतो. त्यासाठी २.५ ग्रॅम मातीत २० मि.ली. ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट घालून दोन मिनिटे हलवावे, दहा मिनिटे स्थिर ठेवावे आणि वरचे द्रावण विरल करून ५५० नॅनोमीटरवर मोजावे. द्रावणात ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड असावे, नाहीतर काळी माती दहा मिनिटांत खाली बसत नाही. वेळ घड्याळ लावून पाळावी. शिल्लक परमँगनेट ०.०१४ मोलर आले, तर (०.०२ − ०.०१४) × ९००० × (०.०२ ÷ ०.००२५) = ४३२ मिलिग्रॅम प्रतिकिलो. आपल्या नमुन्यातील ६५६० मिलिग्रॅम एकूण कर्बाच्या तुलनेत हे साडेसहा टक्के आहे.

एका वर्षात किती फरक अपेक्षावा

एक हेक्टर, १५ सेंटिमीटर खोली आणि मातीची स्थूल घनता १.३ धरली तर मातीचे वजन १९५० टन होते. अशा शेतात हेक्टरी १० टन शेणखत टाकले, त्यातले निम्मे पाणी आणि कोरड्या भागात सुमारे ३० टक्के कर्ब धरला, तर दीड टन कर्ब पडतो. त्यातला पाचवा हिस्सा वर्षभरानंतर टिकला असे उदार मनाने धरले तरी ०.३ टन उरतो, म्हणजे १९५० टनांत ०.०१५ टक्के. वॉक्ली-ब्लॅकच्या दोन वाचनांतला मान्य फरकच ०.०३ टक्के आहे. त्यामुळे एका हंगामात कर्ब ०.४ वरून ०.६ झाल्याची जाहिरात दिसली, तर नमुन्याची खोली, महिना, चाळणी आणि तो १.३ चा गुणक या चार गोष्टी आधी तपासाव्यात. स्वतःच्या शेतासाठी दर तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, त्याच प्रयोगशाळेत नमुना द्यावा आणि मधल्या वर्षांत सक्रिय कर्बावर लक्ष ठेवावे.